गालिचा, सतरंजी आणि डाग: सोलापुरातल्या घरांसाठी

गालिच्यावर काही सांडलं की बहुतेक जण मगभर पाणी ओततात आणि फडक्याने जोरजोरात घासू लागतात. या दोन्ही गोष्टींनी डाग वाढतो. ओतलेलं पाणी सांडलेला पदार्थ गालिच्याच्या पाठीपर्यंत नेतं. घासल्यामुळे रंग धाग्याच्या आत शिरतो आणि वरची लव कायमची विस्कटते. डाग मग जरी गेला, तरी तेवढी जागा वेगळी दिसत राहते.

ज्यांनी नुकतंच घर मांडलंय, भाड्याच्या खोलीत पहिल्यांदाच गालिचा अंथरलाय, किंवा माहेरून आलेल्या सतरंजीवर पहिला डाग पाडून घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सोलापूरची हवा, पाणी, फरशी आणि जेवण यांचा विचार करून लिहिलंय, कारण कुठल्यातरी थंड, दमट गावासाठी सांगितलेले उपाय आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत.

डाग पडल्यापडल्या

घट्ट पदार्थ असेल तर चमच्याने कडेकडून आत ओढत उचला. भाजी, चटणी, दही, शिरा, सगळ्याला हेच. पातळ पदार्थ असेल तर पांढरं, सुती, जाड कापड त्यावर ठेवून दाबा. दाबायचं, उचलायचं, कापडाची कोरडी बाजू पुन्हा ठेवायची. कापडावर ओल उमटायची थांबेपर्यंत हेच करत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण ताज्या डागाचा मोठा भाग इथेच निघून जातो.

या कामाला आपल्या गावच्या टॉवेलसारखं दुसरं काही नाही. सोलापुरी टेरी टॉवेलला आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. टॉवेलच्या उभ्या फासांमुळे तो पाणी भराभर ओढून घेतो. फक्त नवा कोरा टॉवेल वापरू नका, त्यावर कारखान्यात मऊपणासाठी लावलेला थर असतो आणि तो टॉवेल पाणी नीट शोषत नाही. दोन-तीन वेळा धुतलेला, पांढरा, बिनछापाचा टॉवेल यासाठी बाजूला काढून ठेवा. पांढरा का, तर रंगीत टॉवेलचा रंग ओल्या गालिच्याला लागू शकतो. शिवाय गालिच्याचाच रंग जात असेल तर पांढऱ्यावर लगेच कळतं.

टिपताना नेहमी डागाच्या बाहेरच्या कडेकडून मध्याकडे या. मधून बाहेर गेलात की डाग पसरून त्याचं कडं तयार होतं, आणि ते कडं काढणं मूळ डागापेक्षा अवघड जातं.

पायाखाली नक्की काय आहे?

औषध लावण्याआधी कापड ओळखा. सोलापुरातल्या घरांत साधारण चार प्रकार दिसतात.

पहिली सुती सतरंजी. ती सपाट विणीची असते, लव नसते, दोन्ही बाजूंनी वापरता येते. हिच्यावरचे डाग काढायला सगळ्यात सोपे, आणि गरज पडली तर पूर्ण धुता येते. दुसरी जेकार्डची चादर. ती पांघरायची असली तरी पाहुणे आले की बऱ्याच घरांत खाली अंथरली जाते, तीही सुतीच. तिसरा यंत्रावर विणलेला कृत्रिम धाग्याचा गालिचा. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक याच जातीचे, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे. चौथा लोकरीचा. हा घरात असेल तर बहुधा कुणीतरी भेट दिलेला किंवा जुना जपून ठेवलेला असतो.

शंका असेल तर कडेच्या दशांमधून एक धागा काढा आणि मोरीत, वाटीत, चिमट्याने धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर लोकर. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख असेल तर सूत. धागा वितळून त्याचा टणक मणी झाला तर कृत्रिम. तो मणी गरम असतो, बोट लावू नका.

हे कळणं एवढ्यासाठी महत्त्वाचं, की लोकर हे प्रथिन आहे. कपड्यांच्या पावडरीत प्रथिनं तोडणारे एन्झाइम आणि धुण्याचा सोडा असतो. ते रक्ताचा डाग काढतात, तसं लोकरीलाही खातात. ब्लीचमध्ये तर लोकर अक्षरशः विरघळते. लोकरीला फक्त लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं सौम्य लिक्विड आणि गार ते जेमतेम कोमट पाणी.

गालिचा उलटा करून पाठही बघा. मागे ताग असेल तर जास्त पाण्याने तागाचा तपकिरी रंग वर चढतो. मागे रबरासारखा थर असेल तर स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव असल्या गोष्टी तो थर विरघळवतात. लव त्यानेच चिकटवलेली असते.

शेवटची तपासणी रंगाची. सोफ्याखाली जाणाऱ्या कोपऱ्यात, जे लावणार आहात त्याचे दोन थेंब टाका, दहा मिनिटं थांबा आणि पांढऱ्या फडक्याने दाबा. फडक्यावर रंग आला तर तो उपाय तुमच्या गालिच्यासाठी नाही. लाल आणि काळा रंग असलेल्या सतरंज्यांची ही तपासणी कधीच टाळू नका.

आपलं पाणी आणि आपली फरशी

शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि मधल्या दिवसांत कित्येक घरं बोअरवर चालतात. बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाच्या वडीचा संयोग झाला की पांढरट, चिकट मळी तयार होते. अंगावरून ती वाहून जाते, गालिच्याच्या लवेत मात्र अडकून बसते आणि पुढे त्याच जागी धूळ धरते. म्हणून गालिच्याला वडीचा साबण नको, भांड्यांचं लिक्विड वापरा. शेवटचं पुसणं जमलं तर फिल्टरच्या पाण्याने करा. लागतंच किती, दोन-चार वाट्या. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

नेहमीचं द्रावण असं करा: एक लिटर कोमट पाणी, त्यात चहाचा एक चमचा भांड्यांचं लिक्विड. इतकंच. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं मुळीच नाही. उरलेला फेस वाळून चिकट होतो आणि महिन्याभरात तिथेच काळपट ठिपका दिसू लागतो, लोकांना वाटतं जुनाच डाग परत आला.

फरशीचं कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी असते. ती चुनखडकाची. लिंबू किंवा व्हिनेगर सतरंजीतून झिरपून खाली गेलं तर फरशीवर पांढरट, खरबरीत चट्टा उठतो आणि तो निघत नाही. डागावर काम करण्याआधी खाली प्लास्टिकचा कागद आणि त्यावर जुना टॉवेल सरकवा. मार्बलची फरशी असेल तर हेच आणखी काटेकोरपणे.

कपाटात काय ठेवायचं

पांढरे टॉवेल, बोथट चमचा, जुना मऊ ब्रश, भांड्यांचं लिक्विड, लोकरीचं लिक्विड, पांढरं व्हिनेगर, खायचा सोडा, मैदा किंवा टाल्कम पावडर, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली. पेरॉक्साइडच्या बाटलीवर सहा टक्के लिहिलेलं असेल तर तितकंच पाणी मिसळून तीन टक्के करा. ते रंग उडवतं, त्यामुळे फक्त पांढऱ्या किंवा फिक्या सुती आणि कृत्रिम कापडावर, आणि कोपऱ्यात तपासल्यावरच वापरा. मिसळलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, उरलं तर फेकून द्या.

व्हिनेगर नेहमी दुप्पट पाणी घालून वापरायचं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस करायची पद्धत बरीच पसरली आहे. ती मला पटत नाही. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात आणि खारट पाणी उरतं. दोन्हींचा उपयोग आहे, पण वेगवेगळ्या वेळी.

आणि हे ठळक अक्षरात लक्षात ठेवा: ब्लीच कधीही व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेटच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, आणि लघवीच्या डागावर ओतू नका. पहिल्यातून क्लोरीन वायू निघतो, दुसऱ्यातून क्लोरामाइन. बंद खोलीत दोन्ही जिवावर बेततात. गालिच्याला ब्लीचची गरजच पडत नाही, ते मोरीपुरतंच ठेवा.

शेंगाचटणी, रस्सा आणि तेल

सोलापुरात गालिच्यावर पडणारा खरा डाग हाच. शेंगाचटणी कोरडी दिसते, पण ती कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटलेलं असतं आणि त्या तेलात तिखटाचा लाल रंग मुरलेला असतो. मिरचीचा हा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून पाण्याने कितीही पुसलं तरी केशरी छटा हलत नाही. तेल काढलं की रंगही बराचसा त्याच्याबरोबर जातो.

चटणी पडली तर आधी हात लावू नका, दाबू नका. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळी जवळ धरून कण ओढून घ्या. नसेल तर पोस्टकार्डासारख्या जाड कागदाने वरच्यावर खरवडून उचला. कण चिरडला की त्यातलं तेल बाहेर येतं.

मग डागावर मैद्याचा किंवा टाल्कम पावडरचा बोटभर जाड थर द्या. बेसन नको, त्याचा स्वतःचा पिवळा रंग आहे. मटणाचा रस्सा किंवा आमटीची तर्री सांडली असेल तर टॉवेलने टिपून झाल्यावर हाच थर. निदान तीन-चार तास ठेवा, रात्रभर ठेवलात तर उत्तम. वरचा मैदा पिवळसर, गोळा झालेला दिसला तर तो तेल पितोय. तो झाडून काढा आणि नवा थर द्या. तेल येईनासं झालं की पुढचं पाऊल. मुंग्यांचा त्रास असलेल्या घरात मैद्याऐवजी पावडरच बरी.

आता लिक्विडच्या द्रावणात टॉवेलचं टोक बुडवून घट्ट पिळा आणि डागावर थोपटा. घासू नका. दुसऱ्या कोरड्या टोकाने टिपा. चार-पाच वेळा हे झाल्यावर साध्या पाण्यात पिळलेल्या टॉवेलने लिक्विड काढा, मग कोरड्या टॉवेलने जोर देऊन दाबा. सुती सतरंजी असेल आणि डाग हट्टी असेल तर लिक्विडचा एक थेंब पाणी न घालता थेट तेलावर चोळून दहा मिनिटं ठेवायला हरकत नाही. लोकरीवर हे करू नका.

एवढं करूनही फिकी केशरी छाया उरली तर घाबरू नका. तिचा इलाज पुढच्याच भागात आहे, तो म्हणजे ऊन.

हळद आणि कुंकू

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, त्याच दिवसांत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, घराघरात पाहुणे आणि जमिनीवर अंथरलेल्या सतरंज्या. जानेवारीत या डागांवर सल्ला विचारला नाही असं वर्ष जात नाही.

दोन्हींना पहिला नियम एकच: कोरडं असताना पाणी लावू नका. पूड आहे तोवर ती नुसती बसलेली असते, ओली झाली की रंगवते. सतरंजी असेल तर दोघांनी चार कोपरे धरून ती अंगणात न्या आणि उलटी करून झटका. गालिचा मोठा असेल तर व्हॅक्यूम, किंवा मऊ ब्रशने एकाच दिशेला हलकेच झाडत सुपलीत घ्या. नव्वद टक्के लोक इथे ओलं फडकं फिरवून डाग पक्का करतात, म्हणून इतकं लांबवून सांगतेय.

हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते क्षाराच्या संपर्कात आलं की लाल होतं. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो एकदम लालभडक होतो तो यामुळेच. पारंपरिक कुंकूही हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची क्रिया करून बनवतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरला हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तेव्हा हळदीवर खायचा सोडा, धुण्याचा सोडा किंवा वडीचा साबण नको. चुकून लाल झालंच तर पाणी घातलेलं व्हिनेगर थोपटा, रंग परत पिवळा होईल. डाग गेला असं समजू नका, तो फक्त आधीच्या रंगावर आला.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. पाठीला रबरी थर नसेल तर कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट (म्हणजे अल्कोहोलच) घेऊन टिपा, प्रत्येक वेळी बोळा बदला. बोळ्यावर पिवळं येत राहील. गॅसची शेगडी, उदबत्ती, निरांजन काहीही जवळ नको, खिडक्या उघड्या ठेवा.

त्यानंतर ऊन. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही, आणि मिरचीचा लाल रंगही उन्हात उडतो. ज्या गावात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो आणि बाकीच्या वर्षातही ढगाळ दिवस थोडेच असतात, तिथे राहणाऱ्यांना याहून चांगलं औषध विकत घ्यायची गरज नाही. डाग किंचित ओला करून उन्हात ठेवा. हळदीचा डाग सकाळी स्पष्ट आणि संध्याकाळी शोधावा लागेल इतका फिका होतो. जुना असेल तर काही दिवस लागतात.

अडचण एकच, गालिच्याचा स्वतःचा रंगही उन्हात उडतो, लोकरीचा तर लवकर. म्हणून जाड जुन्या चादरीला डागाच्या आकाराचं भोक पाडा आणि ती गालिच्यावर पसरून फक्त डाग उघडा ठेवा. दर तासाने चादर उचलून बघा. भोवतीच्या रंगात आणि डागाखालच्या रंगात फरक पडायला लागला की थांबा.

हल्लीचं बाजारातलं स्वस्त कुंकू आणि गुलाल बहुतेक कृत्रिम रंगाचे असतात. त्यांना ऊन किती मानवेल याचा भरवसा नाही. झटकून, व्हॅक्यूम करून जे उरेल त्यावर गार पाणी आणि लिक्विड, अगदी थोडं-थोडं. विसर्जनाच्या मिरवणुकीहून परतलेल्यांना आणि रंगपंचमीला भिजून आलेल्यांना मात्र उंबरठ्याबाहेरच कपडे झटकायला लावा. ओला गुलाल लोकरीवर पडला तर तो पूर्ण काढण्याचं आश्वासन कुणीही देऊ नये.

शेंदराचं वेगळं. तो तेलात कालवलेला असतो आणि पारंपरिक शेंदरात शिसं असतं. हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा, खरवडून कागदात गुंडाळा, मग तेलाच्या डागाचा क्रम लावा. वापरलेलं फडकं धुऊन परत स्वयंपाकघरात आणू नका, फेकून द्या.

चहा आणि डाळिंब

आपला चहा दुधाचा आणि गोड. त्यात टॅनिन, म्हणजे रंग धरणारं तुरट द्रव्य आहे, दुधाचं प्रथिन आहे, स्निग्धांश आहे आणि साखर आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. टिपून झाल्यावर आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने दूध धाग्यात गोठून बसतं. मग लिक्विडचं द्रावण, म्हणजे साय आणि साखर सुटेल. शेवटी तपकिरी छटा राहिली तर पाणी घातलेलं व्हिनेगर, आणि पुन्हा साधं पाणी. साखर राहून गेली तर जागा चिकट राहते आणि धूळ पकडते.

डाळिंबाच्या रसातही टॅनिन असतं, सालीत तर इतकं की सालीने कापड रंगवतात. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडची डाळिंबं हंगामात घरोघरी येतात, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच केगावला आहे, तेव्हा हा डाग आपल्या नशिबात आहेच. फळ सोलायला गालिच्यावर बसू नका, हा सल्ला उपायापेक्षा मोलाचा. सांडलंच तर चहाचाच क्रम, आणि फिक्या सुती कापडावर शेवटी तीन टक्के पेरॉक्साइड. इथे गंजलेली लोखंडी बादली किंवा घमेलं वापरू नका. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो, आणि लाल डाग काढता काढता काळा पडतो.

पानाचा डाग याच कुळातला, फक्त जास्त चिवट. कातात टॅनिन ठासून भरलेलं आणि सोबत चुना, म्हणजे क्षार. आधी व्हिनेगरच्या पाण्याने चुना मारा, मग लिक्विड, मग कापड फिकं असेल तर पेरॉक्साइड. वाळलेला पानाचा डाग फिका होतो, पूर्ण गेलेला मी फारसा बघितलेला नाही.

रक्त, दूध, लघवी

रक्त आणि दूध यांना गार पाणी, बास. माठातलं असेल तर आणखी छान. मिठाच्या गार पाण्यात पिळलेल्या टॉवेलने टिपत राहा. लोकर असेल तर पुढे लोकरीचं लिक्विड. फिकी सतरंजी असेल तर तीन टक्के पेरॉक्साइडचे थेंब टाका, फेस येईल, तो टिपा, पुन्हा टाका.

बाळाने गालिच्यावर शू केली तर दोन-तीन घड्यांचा टॉवेल ठेवून त्यावर मोठ्या माणसाने उभं राहायचं. हाताच्या दाबाने लघवी खालून वर येत नाही, अंगाच्या वजनाने येते. मग गार पाणी थोपटून पुन्हा टॉवेलवर उभे राहा. नंतर व्हिनेगरचं पाणी, टिपणं, आणि पूर्ण वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवून सकाळी झाडणं. वासासाठी अत्तर, फिनेल काही नको. मांजर असेल तर अमोनियाचा वास असलेलं कुठलंही द्रव वापरू नका, तिला ती स्वतःचीच जागा वाटते आणि ती परत तिथेच येते.

काळी माती

पावसात शेतावरून कुणी आलं की पायाला लागलेली काळी माती घरभर होते. ही माती पाण्याने फुगते आणि चिकटते, वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. तेव्हा काहीच करू नका. वाळू द्या. पंखा लावा. वाळल्यावर ढेकळं हाताने उचला, ब्रशने मोकळं करा, व्हॅक्यूम करा किंवा झटका. उरलेल्या छटेवर लिक्विड.

बाकीचे

बॉलपेनच्या शाईला बोळ्यावर स्पिरिट, वरून ओतायचं नाही. मेणाला आणि च्युइंगमला बर्फाची पिशवी ठेवून टणक करा आणि तोडून काढा. मेणाचा उरलेला तेलकट थर सुती सतरंजीवर असेल तर वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. पॉलिप्रॉपिलीनला इस्त्री लावू नका, वितळेल. नेलपॉलिश वाळू द्या, जमेल तितकं खरवडा, आणि रिमूव्हर आधी कोपऱ्यात तपासल्याशिवाय लावू नका. मेंदी ओली असताना खरवडून गार पाण्याने टिपा. लोकरीला ती केसासारखीच रंगवते, त्यामुळे तिथे मिनिटं मोजून काम करायला हवं. बिडी-सिगारेटची ठिणगी पडून कृत्रिम धागा वितळला असेल तर तो डाग नाहीच, जळकी टोकं बारीक कात्रीने छाटा.

वाळवणं

यात कसूर झाली तर वरची सगळी मेहनत वाया जाते. डाग गेलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर येतो. कारण पाठीत शिरलेला रंग वाळताना पाण्याबरोबर धाग्यातून वर चढतो. त्यावर उपाय असा: काम संपल्यावर जागेवर कोरड्या पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवा, वर प्लास्टिक, त्यावर पाट आणि पाटावर भरलेली कळशी. रात्रभर तशीच राहू द्या. वर चढणारा रंग गालिच्याऐवजी टॉवेलमध्ये जाईल.

नंतर गालिच्याची ती कड दोन खुर्च्यांवर उचलून ठेवा, खालून पंखा सोडा. चोवीस तासांच्या आत पाठ पूर्ण कोरडी व्हायला हवी, नाहीतर कुबट वास धरतो आणि बुरशी येते. उन्हाळ्यात आपल्याकडची कोरडी हवा हे काम काही तासांत करते. आपला जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, त्या दिवसांत सबंध गालिचा धुण्याच्या भानगडीत पडू नका, डागापुरतंच काम करा. रंगीत गालिचा गच्चीवर टाकलात तर उलटा टाका. हळदीसाठी ऊन दाखवणं वेगळं आणि वाळवणं वेगळं.

सतरंजी अख्खी धुवायची असेल तर गच्चीवर सकाळी लवकर, भिजत न ठेवता, मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने. भिजत ठेवली की एका पट्टीचा रंग शेजारच्या पट्टीत उतरतो. वाशिंग मशीनमध्ये घालू नका, ओली सतरंजी एका बाजूला गोळा होऊन ड्रम हादरवते. एका दोरीवर लोंबकळत टाकलीत तर पाण्याच्या वजनाने ताणून वाकडी होते. गच्चीच्या कठड्यावर चादर टाकून त्यावर पसरा, किंवा दोन-तीन दोऱ्यांवर आडवी.

बाहेर कधी द्यायचा

रेशीम असेल, हाताने गाठी मारलेला जुना गालिचा असेल, लोकरीवर शाई किंवा ओला गुलाल असेल, किंवा कोपऱ्यातल्या तपासणीत रंग निघाला असेल तर टिपून, वाळवून थांबा आणि गालिचे धुणाऱ्याकडे द्या. देताना तीन गोष्टी त्यांना आठवणीने सांगा: काय सांडलं, कधी सांडलं आणि तुम्ही त्यावर काय काय लावलं. ही तिसरी गोष्ट लोक लपवतात, आणि धुणाऱ्याने वरून लावलेल्या रसायनाची तुमच्या आधीच्या रसायनाशी क्रिया होऊन नुकसान होतं. तुम्हीही विचारा की लोकरीवर गरम वाफ मारणार का, आणि वाळवणार कुठे. डागाच्या जागेला दोऱ्याने सैल टाका घालून खूण करून द्या, वाळलेला फिका डाग दुकानातल्या दिव्यात दिसत नाही.